बाजीराव मस्तानी (चित्रपट)

ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ (१९७२) या कादंबरीवर आधारलेला, संजय लीला भन्साळी दिग्दर्शित हिंदी चित्रपट. प्रदर्शन १८ डिसेंबर २०१५. रणवीर सिंह (बाजीराव), दीपिका पदुकोण (मस्तानी), प्रियांका चोप्रा (काशीबाई) व तन्वी आझमी (राधाबाई) यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

पालखेडला निजामाची कोंडी करून ज्याने मुंगी-शेवगाव येथे १७२८ साली त्याला तहास भाग पाडले, आणि पुढल्याच वर्षी महंमदखान बंगषाच्या तावडीतून बुंदेलखंडाच्या छत्रसालास सोडविले, त्या थोरल्या बाजीराव पेशव्यास स्वतःच्या वाड्यात मात्र मस्तानीच्या बाबतीत सलूख घडविता आला नाही, हे या कथेचे मर्म होय.

येथे निषिद्ध नेमके काय होते, हे ध्यानी घेतले पाहिजे. नाटकशाळा (रखेल नर्तकी) बाळगणे त्या काळच्या सरदारांत रूढ होते; परंतु मुसलमान मातेची कन्या मानली गेलेल्या मस्तानीला कुटुंबाच्या पंक्तीस बसवावे, तिच्या पुत्रास ब्राह्मणाचे संस्कार मिळावेत, हा पेशव्याचा आग्रह पुण्याच्या ब्रह्मवृंदास, आणि त्याहून अधिक आई राधाबाई, भाऊ चिमाजीअप्पा व पुत्र नानासाहेब या स्वकीयांस असह्य झाला, आणि बाजीराव नासिरजंगावरील मोहिमेत गुंतला असता मस्तानीला कैदेत ठेवण्यापर्यंत प्रकरण गेले.

इनामदारांनी हा संघर्ष राऊच्या, म्हणजे बाजीरावाच्या, अंतःकरणात नेला. भन्साळींनी तो आरसेमहालाच्या झगमगाटात मांडला, आणि त्या वैभवाखाली कादंबरीतील एकांत पुष्कळसा दबून गेला. बाजीरावाची पत्नी काशीबाई हिच्या मूक अवहेलनेला मिळालेले स्थान हे मात्र चित्रपटाचे खरे यश. तिला मस्तानीसमवेत ‘पिंगा’ नाचविण्यास पुण्यातून झालेला विरोध रास्तच होता. जिला त्या घरात प्रवेशच नाकारला होता, तिला घरच्या सुनेशी फेर धरावयास लावल्याने निषेधाची धारच बोथट होते. या चित्रपटासाठी भन्साळी यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचे व तन्वी आझमी यांना सहायक अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले.

चित्रपट बाजीराव व मस्तानी या उभयतांच्या मृत्यूपाशी थांबतो. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे निवर्तला. मस्तानीही लवकरच मृत्यू पावली, तिची कबर पाबळ येथे आहे. त्यांचा पुत्र शमशेरबहाद्दर १७६१ च्या पानिपतच्या रणात पेशव्यांच्या बाजूने लढून घायाळ झाला व त्यातच मरण पावला. बांद्याचे नबाब हे त्याचेच वंशज.