नदीत उतरणाऱ्याचे पाय

नदीत चालणे ही साधी गोष्ट नाही. कृष्णेच्या किंवा गोदावरीच्या घाटावर वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पाण्याखालची पायरी स्वच्छ दिसते आणि पाय ठेवला की कळते, तिच्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर आहे. आपल्याकडे यावर उपाय एकच. चपला काठावर काढायच्या आणि पायाच्या बोटांनी दगड धरत पुढे सरकायचे. भोई काय, कोळी काय, धुणे धुणाऱ्या बायका काय, सगळे असेच पाण्यात उतरत आले. आपले पाणी फार गार नसते म्हणून हे जमते. पण स्कॉटलंडमधल्या एखाद्या नदीत, ऐन थंडी सरताना, चार-चार तास कमरेइतक्या पाण्यात उभे राहायचे असेल तर? तिथे अनवाणी पाय बघता बघता बधिर होतात.

या गरजेतून एक पोशाख जन्माला आला. त्याला 'वेडर' म्हणतात. छातीपर्यंत येणारी, पट्ट्यांनी खांद्यावर अडकवलेली, पाणी आत येऊ न देणारी विजार, आणि तिच्यावर घालायचे खास बूट. वरवर पाहिले तर ही हौशी माणसांच्या कपड्यांची गोष्ट. पण तिच्यात एक आरोपी आहे, एक खटला आहे आणि फिरवलेला निकालही आहे. म्हणून ती आज सांगावीशी वाटते.

मुळात हा पोशाख लागतो कुणाला? 'फ्लाय फिशिंग' करणाऱ्याला. इथे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. पिसे आणि रेशमी धागा बारीक आकड्यावर बांधून त्याची खोटी माशी करतात. ती लांब, लवचिक काठीने पाण्यावर अलगद टाकायची आणि ट्राउट किंवा सामन माशाला फसवायचे. या कलेवर लिहिणाऱ्यांत कवीही आहेत. आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँग्लर' हे पुस्तक १६५३ साली निघाले. १६७६च्या आवृत्तीत त्याचा मित्र, कवी चार्ल्स कॉटन, याने माशीच्या गळावर वेगळा भाग लिहून जोडला. डव्ह नदीकाठी या कॉटनने गळ टाकणाऱ्यांसाठी १६७४ साली बांधलेले छोटे घर आजही उभे आहे. त्या काळातल्या काठ्या खूप लांब आणि दोऱ्या घोड्याच्या केसांच्या असत. बहुतेक काम काठावरूनच होई. पाण्यात उतरायचेच झाले तर चामड्याचे बूट होते. चामड्याला कितीही चरबी चोळा, पाणी थोड्या वेळाने आत शिरायचेच.

पाण्याला खरा अडसर घातला तो रबराने. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये एक पेटंट घेतले. त्याने रबर नॅफ्थामध्ये विरघळवले आणि त्याचा लेप दोन कापडांच्या मध्ये दिला. पावसाळी कोटाला इंग्रजीत 'मॅकिंटॉश' म्हणू लागले ते त्याच्याच नावावरून. पण हे कापड उन्हात चिकट होई आणि थंडीत फळीसारखे कडक. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला यावर उपाय सापडला. रबरात गंधक मिसळून ते तापवले, की ते ना वितळते ना तडकते. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉकही त्याच वाटेवर होता. या प्रक्रियेला 'व्हल्कनायझेशन' हे नाव मिळाले ते व्हल्कन या रोमन अग्निदेवतेवरून. यानंतर छातीपर्यंतची जलरोधक विजार शिवणे शक्य झाले. ती जड होती, आत घाम साठायचा, पण माणूस नदीच्या मध्यापर्यंत पोचला.

इंग्रज आपल्या सवयी बरोबर घेऊन जगभर गेले. ट्राउट मासा काश्मीरचा नव्हे. १९००च्या सुमारास त्याची अंडी बर्फात जपून विलायतेहून आणली गेली आणि श्रीनगरजवळ हारवनला वाढवली गेली. निलगिरीतही असेच प्रयत्न झाले. लिद्दर नदीत आज जो मासा पर्यटक पकडतात, त्याचे पूर्वज बोटीने आलेले आहेत. न्यूझीलंडमध्येही ट्राउट एकोणिसाव्या शतकात असाच बाहेरून नेला गेला. पुढचे प्रकरण समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी. या खेळासाठी माणसाने मासेसुद्धा समुद्रापार नेले. मग नकळत आणखी काय काय नेले असेल?

विसाव्या शतकात विजार सुधारत गेली. १९३० साली अमेरिकेच्या ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झाले. १९८०च्या दशकात त्याच्या वेडर्सची चलती झाली. तीन ते पाच मिलिमीटर जाडीचे हे कापड अंगाला ऊब देते. त्याचा दोष एवढाच, की चालत नदी गाठेपर्यंत माणूस घामाने आतून भिजतो. तिकडे १९६९ साली रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून एक झिरझिरीत पापुद्रा बनवला. त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म, की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. १९९०च्या दशकात या कापडाचे वेडर्स निघाले आणि निओप्रीन मागे पडले.

बुटाच्या तळव्याचे काय? शेवाळलेल्या दगडावर गुळगुळीत रबर घसरते. आधी तळव्यांना लोखंडी खिळे ठोकत. मग आला नमदा, म्हणजे फेल्ट. लोकर न विणता दाबून, चोपून केलेले जाड कापड, आपल्याकडे घोड्याच्या खोगिराखाली घालत ते. नमद्याचे तंतू शेवाळाच्या थरात रुततात आणि खालच्या दगडाला धरतात. स्वस्त, हलका, आवाज न करणारा. गळवाल्यांना याहून चांगले काही हवेच नव्हते.

आता खटला. ऑक्टोबर २००४ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, वायाऊ नदीच्या खालच्या भागात, एक एकपेशीय शैवाल सापडले. नाव 'डिडिमो'. ही पेशी डोळ्यांना दिसत नाही. पण ती दगडाला धरायला एक देठ काढते आणि असे कोट्यवधी देठ एकमेकांत गुंतले की नदीचा तळ तपकिरी, मळकट गोधडीखाली झाकला जातो. इंग्रजीत लोक त्याला 'खडकाचा शेंबूड' म्हणतात. बघितल्यावर नाव पटते. हाताला मात्र ते ओल्या लोकरीसारखे लागते. या गोधडीमुळे तळाशी राहणाऱ्या किड्यांची दुनिया बदलते, आणि मासे जगतात ते त्याच किड्यांवर.

हे शैवाल त्या बेटावर आले कुठून? आणि एका नदीतून दुसरीत गेले कसे? संशय बुटांवर गेला. नमदा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. वरून वाळलेला वाटला तरी आत ओल राहते आणि थंड, दमट जागी डिडिमोच्या पेशी कित्येक आठवडे तग धरतात. माणूस आज एका देशात गळ टाकतो आणि पुढच्या आठवड्यात विमानाने दुसऱ्या. २००५च्या डिसेंबरात सगळे दक्षिण बेट 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाले. १ ऑक्टोबर २००८ पासून न्यूझीलंडने नदीत नमद्याचे तळवे वापरण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी सिम्स या मोठ्या अमेरिकी कंपनीने नमदा बंद करत असल्याचे जाहीर केले. २०११ मध्ये मेरीलँड आणि व्हरमाँट या अमेरिकी राज्यांनीही बंदी आणली.

कॅनडाचे शास्त्रज्ञ मॅक्स बॉथवेल यांचा व्हँकुव्हर बेटावरचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या नद्यांत डिडिमोच्या गोधड्या दिसू लागल्या तो काळ आणि नमद्याचे बूट लोकप्रिय झाले तो काळ जुळतो, असे त्यात दाखवले होते. त्या लेखाच्या शीर्षकातच मच्छीमारांच्या बुटांचा उल्लेख होता. आरोपपत्र पूर्ण झाले असे सर्वांना वाटले.

पण पुढे काय झाले पाहा. २०१४ साली याच बॉथवेल यांनी सहकाऱ्यांसह नवा निष्कर्ष मांडला. डिडिमो उत्तर अमेरिकेतल्या नद्यांना नवे नाही, ते तिथे पूर्वीपासून होतेच. गोधडी तयार होते ती पाण्यातले फॉस्फरस फार कमी झाल्यावर. खायला पुरेसे असले की पेशी विभागत राहतात. उपासमार झाली की त्या लांबच लांब देठ काढत बसतात. मग फॉस्फरस कमी का झाले? कोळसा आणि तेल जाळल्यामुळे हवेतून पडणारा नायट्रोजन, शेतीची खते, लवकर वितळणारा बर्फ, समुद्रातून नदीत परतणाऱ्या सामन माशांची घटलेली संख्या, अशी कारणे त्यांनी मांडली. म्हणजे तिथे आरोपी बुटापेक्षा मोठे निघाले. त्यात आपणही आलो, कधी नदीत गळ न टाकलेले.

मला या शास्त्रज्ञाचे मोठे कौतुक वाटते. आपल्याच नावाने गाजलेला निकाल आपणच फिरवायचा, याला धैर्य लागते. व्हरमाँटने २०१६ मध्ये बंदी उठवली. सिम्सनेही नमदा पुन्हा बाजारात आणला.

मग बूट निर्दोष सुटले का? तसेही नाही. न्यूझीलंडमध्ये डिडिमो बाहेरूनच आले, असे तिथले तज्ज्ञ मानतात, आणि त्याचे उत्तर बेट आजवर त्यापासून वाचले आहे. उलट दिशेनेही प्रवास झालाच. न्यूझीलंडची चिखलातली गोगलगाय, जेमतेम पाच मिलिमीटरची, १९८७ मध्ये अमेरिकेत आयडाहोच्या स्नेक नदीत सापडली आणि मग पश्चिमेकडच्या अनेक नद्यांत पसरली. तिथल्या या गोगलगायी जवळजवळ सगळ्या माद्या आहेत आणि त्यांना पिलांसाठी नर लागत नाही. एक मादी नव्या नदीत पोचली की वसाहत सुरू. बुटाच्या नाडीच्या भोकात किंवा ओल्या मोज्याच्या घडीत ती काही दिवस आरामात राहते. इथे नमदा काढून रबर लावले म्हणून सुटका होत नाही. नाडी, शिवण, अस्तर सगळीकडेच ओल असते.

म्हणून आज कुणी कुलू-मनालीकडे, काश्मीरला किंवा परदेशात असल्या नदीत उतरणार असेल, तर त्याने पोशाख निवडताना या इतिहासाची आठवण ठेवावी. विजार दोन प्रकारची मिळते. एकीत बूट कायमचा जोडलेला असतो. तो चढवायला सोपा, पण डोंगरात चालायला अवघड. दुसरीत खाली निओप्रीनचा मोजा असतो आणि बूट वेगळा. मोजा जाड असल्याने हा बूट नेहमीपेक्षा एक माप मोठा घ्यावा लागतो, नाहीतर पायाचे रक्त अडते आणि थंडी लवकर चढते. दुकानात विजार घालून एकदा उकिडवे बसावे आणि गुडघा छातीपर्यंत उचलून पाहावा. शिवण ताणली तर पुढचे माप घ्यावे. तळवा शक्यतो रबराचा घ्यावा. नुसते रबर शेवाळावर कमी पकडते, म्हणून त्यात टंगस्टन कार्बाइडचे खिळे बसवून घ्यावेत. ते धुवायला सोपे, वाळायला सोपे.

कमरेचा पट्टा मात्र विसरू नये. विजारीत पाणी भरले की ती माणसाला तळाशी ओढते, अशी एक जुनी समजूत आहे. ली वुल्फ या नामवंत अमेरिकी गळवाल्याने १९४०च्या दशकात वेडर घालून पुलावरून बॅटनकिल नदीत उडी मारली आणि पोहून दाखवले. पाण्यात असताना विजारीतल्या पाण्याचे वजन जाणवत नाही. ते जाणवते काठावर चढताना. खरा धोका थंडीचा, प्रवाहाचा आणि दगडात पाय अडकण्याचा. घट्ट पट्ट्यामुळे पाणी झपाट्याने आत भरत नाही आणि सावरायला वेळ मिळतो.

घरी आल्यावरचे काम न्यूझीलंडने तीन शब्दांत सांगितले आहे: तपासा, धुवा, वाळवा. माती, झाडपाला काढून टाकायचा. भांडी घासायच्या साबणाच्या पाच टक्के द्रावणात सामान भिजवायचे. आतून-बाहेरून कोरडे लागले, की त्यानंतर आणखी किमान ४८ तास वाळू द्यायचे. यात ना खर्च ना विज्ञानाची पदवी लागत.

एक नवा प्रश्नही उभा आहे. घामाची वाफ जाऊ देणारे जे कापड एवढे वाखाणले गेले, त्याच्या घडणीत वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात सहजासहजी नष्ट होत नाहीत. कॅलिफोर्नियात २०२५पासून, काही अपवाद सोडून, कपड्यांत त्यांच्यावर बंदी आली आहे आणि कंपन्या पर्याय शोधत आहेत.

मॅकिंटॉशपासून गोरपर्यंत दीडशे वर्षे कारागीर एकच प्रश्न सोडवत होते. नदीचे पाणी माणसाच्या अंगापर्यंत कसे पोचू द्यायचे नाही? माणसाच्या अंगावरून नदीपर्यंत काय पोचते, हे विचारायला २००४ साल उजाडावे लागले. या प्रश्नाचे सोपे उत्तर 'बूट' असे देण्यात आले आणि दहा वर्षांत ते अपुरे ठरले. पण ज्याने अपुरे ठरवले, त्यानेही बूट धुवू नका असे म्हटलेले नाही. आपल्या हाताने होणारी चूक बूट धुऊन टळते. धुराड्यांतून आणि खतांच्या गोण्यांतून नदीत जे उतरते, त्याला साबणाचे पाणी पुरत नाही. त्यासाठी काठावर उभ्या असलेल्यांनाही हिशेब द्यावा लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)