परिषदेचे पाहुणे आणि आमची पुराणस्थळे

धर्मपरिषदेस गेलेल्या भाविकाने स्थळदर्शनात वेळ घालवावा की नाही, हा प्रश्न आमच्या वडीलधाऱ्या मंडळीत अधूनमधून निघतो. प्रार्थनेसाठी आलेला मनुष्य लेणी व किल्ले पाहत हिंडू लागला म्हणजे भक्तीची सहल होते, असे काहींचे म्हणणे. तर दूरच्या पाहुण्याने यजमानाचे गाव न पाहताच परतावे हा यजमानाचाच उणेपणा होय, असे इतरांचे. ज्युबिलीच्या या वर्षी आमच्या धर्मग्रामातही पाहुण्यांची वर्दळ होणार असल्यामुळे या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

याकामी १९६४ सालच्या मुंबईच्या परिषदेइतके बोधप्रद उदाहरण दुसरे नाही. १८८१ साली फ्रान्समधील लील शहरी ज्या आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषदांचा प्रारंभ झाला, त्यांपैकी ही अडतिसावी. २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबरपर्यंत ती ओव्हल मैदानावर भरली. कार्डिनल वालेरियन ग्रेशस हे यजमान होते, आणि २ डिसेंबर रोजी परमपूज्य पोप सहावे पॉल विमानाने मुंबईस उतरले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप, हे वाचकांस विदित आहेच.

आता या मैदानाचे स्थान पाहा. पूर्वेस उच्च न्यायालय व विद्यापीठाचा राजाबाई मनोरा. चर्चगेटचे स्थानक हाकेच्या अंतरावर. आणि थोडे चालून गेल्यास १९२४ साली पुरे झालेले गेटवे ऑफ इंडिया. तेथून लाँचीत बसले की सुमारे तासाभरात घारापुरीचे बेट येते. बंदराजवळच्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी या बेटास एलिफंटा हे नाव दिले. तो हत्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात आहे. मुख्य लेण्यातील त्रिमुखी शिवमूर्ती सुमारे वीस फूट उंच असून तिच्या मुखावरील शांती पाहून कोणत्याही धर्माचा मनुष्य क्षणभर स्तब्ध होतो.

ख्रिस्ती यात्रेकरूने तेथे जावे काय? याचे उत्तर परिषदेच्या दिवसांतच मिळाले आहे. ३ डिसेंबर १९६४ रोजी पोपमहाराजांनी मुंबईत अन्य धर्मांच्या प्रतिनिधींची भेट घेतली आणि आपल्या भाषणात उपनिषदातील प्रार्थनेचा आदरपूर्वक उल्लेख केला. पुढील वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांविषयीचे आपले घोषणापत्र प्रसिद्ध केले. परक्याच्या पवित्र स्थळी आदराने उभे राहण्यात आपल्या श्रद्धेस उणेपणा येत नाही, हाच त्यातील बोध आम्हांस वाटतो.

चर्चगेटहून उत्तरेकडे जाणाऱ्या लोहमार्गाने तर आमचा सारा इतिहास ओवला आहे. वांद्र्यास टेकडीवर मोत मावलीचे मंदिर आहे. त्याची सध्याची इमारत १९०४ सालची असून १९५४ साली त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला. ८ सप्टेंबरच्या सुमारास भरणाऱ्या जत्रेस हिंदू, पारशी व मुसलमान बांधवही मेणबत्त्या घेऊन येतात. पुढे बोरिवलीनजीक मंडपेश्वराची लेणी आहेत. ही मूळची शैव लेणी. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन संन्याशांनी तेथे प्रार्थनामंदिर केले आणि वरच्या अंगास मठ बांधला. आज लेण्यात पुन्हा शिवपूजा चालते आणि वर मठाच्या भिंती उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत. आमच्या पूर्वकालीन धर्मगुरूंनी दुसऱ्याच्या देवालयाची जागा घेतली, ही गोष्ट पाहुण्यापासून लपवून ठेवण्यात काही पुरुषार्थ नाही. ती सरळ सांगावी. सत्याने पाहुणा दुखावत नाही.

मुंबईपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आमची वसई. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून ती पोर्तुगीजांस मिळाली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती जिंकली. किल्ल्यातील जेझुइट, फ्रान्सिस्कन व डॉमिनिकन मंदिरांच्या कमानी पाहून परदेशी पाहुणा युरोपचे स्मरण करील. परंतु आम्ही त्यास निराळी गोष्ट सांगावी. याच वसईत संत गोन्सालो गार्सिया जन्मले. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांनी क्रुसावर प्राण अर्पण केले, आणि १८६२ साली त्यांस संतपद प्राप्त झाले. किल्ले बांधणारी सत्ता गेली, तट ढासळले. वसईच्या या पुत्राचे नाव मात्र अजून वेदीवर घेतले जाते.

त्या हिवाळ्यात गोव्याकडे वळण्यासही मोठे कारण होते. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहाचे दर्शन त्याच काळात खुले झाले होते, आणि १५५२ साली स्वर्गवासी झालेल्या या संताचा सण, ३ डिसेंबर, परिषदेच्या दिवसांतच येत होता. तेव्हा यात्रा कोठे संपते व प्रवास कोठे सुरू होतो, ही रेषा ओढणार कोण?

प्रभूनेही श्रमलेल्या शिष्यांस एकांती जाऊन विसावा घेण्यास सांगितल्याचे संत मार्कच्या शुभवर्तमानात आहे. विसावा हा भक्तीचा शत्रू नव्हे. शत्रू आहे तो अज्ञानाचा. पाहुणा किल्ल्यात येऊन ही कमान कोणाची म्हणून विचारतो आणि आमचा तरुण खांदे उडवितो, तेव्हा खरी लाज वाटावयास हवी. त्याहून दुःखाची गोष्ट ही की, ज्या भिंतींनी शेकडो पावसाळे सोसले त्यांवर आपलीच मुले खिळ्याने नावे कोरतात.

म्हणून आमची विनंती एवढीच की, ज्युबिलीच्या पाहुण्यांस मिस्सेनंतर व भोजनानंतर निरोप देण्यापूर्वी एक दुपार राखून ठेवावी. प्रत्येक कुटुंबातील एका तरी मुलास आपल्या परिसराची ही हकीकत तोंडपाठ असावी, आणि त्यानेच पाहुण्यास हाताशी धरून ती स्थळे दाखवावी. पाहुणा दुपारभर पाहील व जाईल. सांगणाऱ्या मुलाच्या अंगी मात्र ती गोष्ट जन्मभर राहील.