एआय कोडिंग असिस्टंटसाठी प्रोजेक्ट नोट्स: फाइल कुठे ठेवायची, त्यात काय लिहायचं?

समजा, तुम्ही शिरूर-दौंड भागातल्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी छोटं ॲप बनवताय. नांगरणी किंवा रोटरचं क्षेत्र टाकलं की बिल तयार. शेतकऱ्याने सांगितलेलं क्षेत्र ट्रॅक्टरवाला ‘1.20’ असं टाकतो. आपल्याकडे याचा अर्थ 1 एकर 20 गुंठे, म्हणजे दीड एकर. एआय असिस्टंट मात्र ते 1.2 एकर धरतो, म्हणजे 48 गुंठे. एकरी 2,000 रुपये दर धरला, तर 3,000 ऐवजी 2,400 रुपयांचं बिल निघतं.

तुम्ही चूक दाखवता, तो लगेच दुरुस्त करतो. दुसऱ्या दिवशी नवीन सेशन उघडून ‘महिन्याचा रिपोर्ट बनव’ म्हणता, आणि रिपोर्टमध्ये पुन्हा तेच 48 गुंठे!

असं का होतं?

मॉडेलला कालचं बोलणं आपोआप आठवत नाही. त्या सेशनमध्ये समोर ठेवलेला मजकूर तेवढाच त्याला दिसतो. कोड तो वाचू शकतो, पण ‘पॉइंटनंतरचा आकडा गुंठ्यांचा’ हा निर्णय तुमच्या डोक्यात आहे. तो लिहून ठेवायची जागा म्हणजे प्रोजेक्ट नोट्सची फाइल. सेशन सुरू होताना असिस्टंट ती स्वतःहून वाचतो.

फाइलचं नाव काय?

ते टूलवर अवलंबून आहे. क्लॉड कोड ‘क्लॉड डॉट एमडी’ वाचतो, जेमिनी सीएलआय ‘जेमिनी डॉट एमडी’, तर कोडेक्स ‘एजंट्स डॉट एमडी’. हे शेवटचं नाव आता बरीच टूल्स ओळखतात. नाव इंग्रजीत लिहायचं, डॉटच्या आधीचा भाग कॅपिटल अक्षरांत, आणि फाइल प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवायची. क्लॉड कोडमध्ये ‘स्लॅश इनिट’ कमांड दिली की कोड वाचून पहिला मसुदा तयार होतो. पण त्यात गुंठ्यांची भानगड येणार नाही, ती तुम्हालाच लिहावी लागेल.

काय लिहायचं?

जे कोड वाचून कळत नाही, ते. आपल्या ॲपसाठी नोट्स साधारण अशा असतील:

- क्षेत्र ‘एकर.गुंठे’ असं येतं. 40 गुंठे = 1 एकर. 1.20 म्हणजे 60 गुंठे. दशांश समजू नये.
- सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. तिथलं 1.20 म्हणजे 1 हेक्टर 20 आर, जवळपास 3 एकर. दोन्ही एकाच रकान्यात घेऊ नयेत.
- शिरूर म्हणजे पुणे जिल्ह्यातलं, घोडनदीचं. बीडचं शिरूर कासार किंवा लातूरचं शिरूर अनंतपाळ नव्हे.
- दौंडला रेल्वेची दोन स्टेशनं आहेत, जंक्शन आणि कॉर्ड लाइन. पत्त्यात वेगळी धरावीत.
- बदल केल्यावर टेस्ट चालवावी. टेस्टची कमांड अमुक.

बघा, प्रत्येक ओळ तपासता येते. ‘कोड चांगला लिही’, ‘काळजी घे’ अशा ओळींचा फारसा उपयोग नाही, नुसती जागा जाते. आणि जागा मर्यादितच असते, कारण ही फाइल दर सेशनला मॉडेलसमोर ठेवली जाते. फाइल दोन-तीन स्क्रीनच्या पुढे गेली की छाटा. मराठीत लिहिलेलं चालतं, फक्त देवनागरीला इंग्रजीपेक्षा बहुधा जास्त टोकन लागतात.

नोट्स म्हणजे सूचना, कुलूप नव्हे. असिस्टंट कधीकधी त्या डावलतोही. म्हणून पैशाशी संबंधित नियमाची टेस्ट लिहाच: 1.20 दिल्यावर 60 गुंठे आलेच पाहिजेत.

काय लिहायचं नाही?

पासवर्ड, एपीआय की, शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, गट नंबर. फाइल कोडसोबत गिटहबवर जाते, आणि रिपॉझिटरी पब्लिक असेल तर ती कुणालाही दिसते.

फक्त मोबाइल असेल तर?

चॅटजीपीटी आणि क्लॉडमध्ये ‘प्रोजेक्ट्स’ आहेत. प्रोजेक्टच्या सूचनांमध्ये हाच मजकूर पेस्ट करा, म्हणजे त्यातल्या प्रत्येक नव्या चॅटला तो लागू होतो.

नोट्स वाचल्या जातात का, हे बघायला नवीन सेशन उघडा आणि विचारा, ‘आपल्या ॲपमध्ये 1.20 म्हणजे किती गुंठे?’ उत्तर 48 आलं, तर आधी फाइलचं नाव आणि फोल्डर तपासा.