माणिकगडचे डोंगर आणि नकाशावरच्या रेषा

बल्लारपुराहून वर्धा नदी ओलांडून राजुऱ्यास यावें आणि तेथून पश्चिमेस गडचांदूरची वाट धरावी, म्हणजे क्षितिजावर निळसर डोंगरांची एक लांबट ओळ दिसूं लागते. हेच माणिकगडचे डोंगर. ज्या डोंगरावर जुना किल्ला उभा आहे, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारें ५०० मीटर. १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर ज्यांनीं पाहिलें आहे, ते श्रोते कदाचित् विचारतील, "ह्यास डोंगर तरी म्हणावें काय?"

ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं, आपली अनुज्ञा असल्यास, क्षणभर युरोपांत जाऊन येऊं. ऑस्ट्रिया हा आज समुद्रकिनारा नसलेला पर्वतमय देश आहे. परंतु पहिल्या महायुद्धापर्यंत ट्रिएस्तचें बंदर त्याच्याच साम्राज्यांत होतें. त्या काळीं त्याचें सर्वांत उंच शिखर ऑर्टलर हें असून त्याची उंची ३,९०५ मीटर. युद्धांत सैनिकांनीं त्या हिमाच्छादित माथ्यावर तोफासुद्धां चढविल्या होत्या. पुढें १९१९ च्या सँ-जर्मेंच्या तहानें दक्षिण टिरोल इटलीच्या पदरांत पडला आणि त्याबरोबर ऑर्टलरही गेलें. तेव्हांपासून ३,७९८ मीटर उंचीचें ग्रोसग्लॉकनर हें ऑस्ट्रियाचें सर्वोच्च शिखर झालें. ऑर्टलर तर जागचें तसूभरही हललें नव्हतें. हलली ती नकाशावरची रेषा! परंतु त्या रेषेपलीकडे गेलेल्या जर्मनभाषी खेडुतांचें राज्य बदललें आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या मुलांच्या शाळेची भाषाही बदलली. पर्वतांच्या इतिहासांत उंचीपेक्षां रेषांचें महत्त्व किती अधिक असतें, हें ह्यावरून दिसून येईल.

माणिकगडच्या डोंगरांवरूनही अशाच रेषा फिरल्या आहेत. हा किल्ला नागवंशी राजांनीं नवव्या शतकाच्या सुमारास बांधला आणि माणिक्यादेवीवरून त्यास हें नांव मिळालें, असें परंपरा सांगते. पुढें तो चांद्याच्या गोंड राजांकडे आला. अकबराच्या कारकीर्दींत लिहिलेल्या आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्यें माणिकदुर्गाचा उल्लेख आहे. कालांतरानें वर्धा नदी हीच सीमा ठरली. पलीकडचा चांदा आधीं भोसल्यांचा व नंतर इंग्रजांचा झाला. अलीकडचा राजुरा निजामाच्या मुलखांत राहिला. एकाच नदीचें पाणी पिणारीं गांवें दोन राज्यांत वांटलीं गेलीं.

परंतु ह्या राजकीय सीमांहून अधिक जाचक ठरली ती राखीव जंगलाची रेषा. माणिकगडचे डोंगर दक्षिणेस आसिफाबाद व उटनूरच्या डोंगरांशीं जोडलेले आहेत, आणि ह्या साऱ्या भागांत गोंड व कोलाम लोक पिढ्यान् पिढ्या शेती करीत आले. जंगल राखीव करतांना ज्यांच्यापाशीं जमिनीचा कागद नव्हता, त्यांची जमीन सरकारी ठरली. सपाटीवरची सुपीक जमीन कागदाचा व्यवहार जाणणाऱ्या नवागतांच्या हातीं गेली. ह्या अन्यायाविरुद्ध कोमरम भीम उभा राहिला, आणि १९४० मध्यें जोडेघाट येथें निजामाच्या पोलिसांच्या गोळीस बळी पडला.

ह्या उठावाचीं कारणें समजून घेण्याच्या कामीं पुढें निजाम सरकारनें ज्या विद्वानाचें साह्य घेतलें, तो ऑस्ट्रियन होता, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा १९०९ मध्यें व्हिएन्ना येथें जन्मला. १९३८ मध्यें जर्मनीनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्यामुळें युद्ध सुरू होतांच इंग्रजांच्या लेखीं तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला आणि त्यास हैदराबाद संस्थानांत राहावें लागलें. ज्याचा देशच नकाशावरून पुसला गेला होता, त्यानें मारलवाईसारख्या लहानशा गांवीं गोंडांमध्यें राहून त्यांच्या हातून जमिनी कशा गेल्या, हें लिहून काढलें. त्याच्या प्रयत्नानें गोंडी शाळा निघाल्या व पुष्कळांस जमिनीचे पट्टे मिळाले. त्याच्या पत्नीची व त्याची समाधि आज त्याच मारलवाईंत आहे.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाची राजवट संपली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यांतून काढून मुंबई राज्यांत घेण्यांत आला व नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. १९५९ मध्यें तो चांदा जिल्ह्यांत आला. येथें रेषांची कथा संपली, असें वाटेल. पण तसें झालें नाहीं. पूर्वीं राजुऱ्यांतच मोडणाऱ्या डोंगरमाथ्यावरच्या जिवती भागांतील चौदा गांवांवर महाराष्ट्र आणि आंध्र, पुढें तेलंगण, अशा दोन्ही राज्यांनीं हक्क सांगितला. तेथील माणसांच्या घरीं दोन राज्यांचीं शिधापत्रें आलीं आणि त्यांचीं नांवें दोन मतदार याद्यांत चढलीं. परंतु शेताचा पट्टा मागावयास गेल्यास कोणत्या दारीं जावें, हें अनेकांस उमगेना. दोन सरकारें असूनही कागद नाहीं, अशी ही स्थिति!

डोंगराच्या पायथ्याशीं आतां सिमेंटचे कारखाने आहेत आणि तेथील चुनखडीचा हिशेब टनांत होतो. उंचीचा हिशेब मीटरांत होतो. ह्या दोन्ही हिशेबांत माथ्यावरच्या गुड्यांतील माणूस कोठेंच येत नाहीं. तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर इतकेंच देतां येईल: ग्रोसग्लॉकनरपुढें माणिकगड ठेंगणा आहे खरा, पण ज्या डोंगरावर पिकविणाऱ्याच्या हातीं त्याच्या जमिनीचा कागद पडावयाचा आहे, त्याची चढण अद्यापि संपलेली नाहीं.