पत्रगुप्ततेचा हक्क आणि शासनातील अनुभवी पुरुषांची साक्ष

नागरिकाचे खासगी लेखन शासनाच्या दृष्टीपासून सुरक्षित असावे की नाही, या वादात ज्यांनी शासनाची सूत्रे स्वतः हाताळली त्यांच्या साक्षीस विशेष मोल असते. संदेशांच्या कूटलेखनाचा प्रश्न अलीकडचा असला, तरी अशा साक्षीचा इतिहास भारतात संविधाननिर्मितीच्या काळापर्यंत मागे जातो.

त्या पिढीने राजसत्तेच्या दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. यवतमाळचे माधव श्रीहरी अणे यांनी १९३० साली पुसदच्या जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व केले व तुरुंगवास भोगला. तेच १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले आणि गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. कन्हैयालाल मुन्शी हेही सत्याग्रहातील बंदी. पुढे १९३७ ते १९३९ या काळात ते मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. पोलीस खाते ज्यांच्या हाती होते, त्या मुन्शींनीच मार्च १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या आपल्या मसुद्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क समाविष्ट केला. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असलेल्या डॉ. आंबेडकरांनीही त्याच सुमारास नागरिकांची घरे व कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले.

तथापि अनुभवी पुरुषांचे मत एकमुखी नव्हते. सनदी सेवेत आयुष्य घालविलेले बेनेगल नरसिंह राव यांना या हक्कामुळे गुन्ह्यांच्या तपासात अडथळा येईल अशी भीती वाटली. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनीही विरोध नोंदविला. परिणामी एप्रिल १९४७ मध्ये सल्लागार समितीने हे कलम गाळले.

हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला तो वऱ्हाडशी निगडित अशा एका सभासदामुळे. यवतमाळ जिल्हा तेव्हा ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत होता, त्या प्रांताचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी ३ डिसेंबर १९४८ रोजी अमेरिकन संविधानातील चौथ्या दुरुस्तीच्या धर्तीवर एक उपसूचना मांडली. कायदेमंत्री आंबेडकरांचे उत्तर मननीय आहे. अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच; परंतु व्यक्तिस्वातंत्र्याच्या हितासाठी ती विधिमंडळाच्या आवाक्याबाहेर ठेवणे इष्ट होय, असे म्हणून त्यांनी ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. मतदान लांबणीवर पडले आणि ६ डिसेंबर रोजी उपसूचना फेटाळली गेली.

या नकाराचे परिणाम दूरगामी झाले. संविधानकर्त्यांनी अशी तरतूद केली नाही, या आधारावर सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात झडतीविरुद्ध खासगीपणाचा हक्क मानण्यास नकार दिला. तो निर्णय उलटण्यास २४ ऑगस्ट २०१७ हा दिवस उजाडावा लागला. त्या खटल्याचे मूळ अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते आणि आधार योजनेस आव्हान देणाऱ्यांत मेजर जनरल एस. जी. वोंबटकेरे हे निवृत्त सेनाधिकारीही होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

कूटलेखनाच्या बाबतीत हीच परंपरा अन्यत्रही आढळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे माजी प्रमुख माइक मॅककॉनेल, माजी अंतर्गत सुरक्षामंत्री मायकेल चेर्टॉफ व माजी उपसंरक्षणमंत्री विल्यम लिन यांनी जुलै २०१५ मध्ये एकत्रितपणे सबळ कूटलेखनाचा पुरस्कार केला. शासनासाठी ठेवलेली पळवाट शत्रूसही उपलब्ध होते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. त्याच वर्षी सप्टेंबरात भारत सरकारने नागरिकांना कूटबद्ध संदेशांची मूळ प्रत नव्वद दिवस जपण्यास सांगणारा मसुदा प्रसिद्ध केला आणि टीकेनंतर तो थोड्याच दिवसांत मागे घेतला.

या दोन परंपरांतील भेद दृष्टीआड करता येत नाही. अमेरिकन अधिकारी अधिकारपदावरून उतरल्यावर बोलले. आंबेडकर मंत्रिपदावर असताना बोलले. शिवाय त्यांचा आधार सुरक्षेच्या लाभहानीचा नव्हता. सत्ताधाऱ्याच्या सद्बुद्धीवर विसंबणारा हक्क हा हक्कच नव्हे, हे तत्त्व त्यामागे होते. रावांची तपासाविषयीची चिंता निराधार म्हणता येणार नाही. पण तिच्यासाठी दिलेली किंमत पुढील जवळजवळ सात दशके नागरिकांना मोजावी लागली.