मोफत विवरणपत्राची किंमत

संगणकावरून प्राप्तिकर विवरणपत्र पाठवण्याचा अमेरिकेतला पहिला प्रयोग १९८६चा. सिनसिनाटी, रॅले-डरहॅम आणि फिनिक्समधला.

पण मोफत विवरणपत्राची खरी गोम २००२च्या करारात आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांनी कमी उत्पन्नाच्या करदात्यांना मोफत सेवा द्यायची, बदल्यात कर खात्याने स्वतःची सेवा सुरू करायची नाही, असं ठरलं. शुल्कावर जगणाऱ्यांच्याच हाती फुकट दाराची किल्ली गेली! २०१९मध्ये ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने उघड केलं, की ‘टर्बोटॅक्स’ हे कर-सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने आपलं मोफत पान शोधयंत्रांपासून लपवलं होतं. पात्र असूनही तुटपुंज्या कमाईतून पैसे मोजणाऱ्यांवर हा उघड अन्याय होता. २०२२मध्ये कंपनीने १४.१ कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं.

करारातली ती अट निघाल्यानंतर २०२४मध्ये कर खात्याने १२ राज्यांत स्वतःची मोफत सेवा आणली. २०२६च्या विवरणपत्र-हंगामाआधीच ती गुंडाळली गेली.