गाडी गेली, स्थानक राहिले

आपल्या शाहूवाडी तालुक्यात आगगाडी आलेली नाही. मलकापूरच्या माणसाला गाडी धरायची तर कोल्हापूरच गाठावे लागते. त्या कोल्हापूर-मिरज लोहमार्गाच्या कामाचा आरंभ १८८८ साली कोवळ्या वयाच्या शाहूमहाराजांच्या हस्ते झाला आणि १८९१ मध्ये गाडी धावू लागली. मग ज्यांच्या गावाला स्थानकच नाही, त्यांना गाडी गेलेल्या स्थानकाची हकीकत कशाला सांगावी? कारण हा प्रश्न गाडीचा नाही. काम संपलेल्या वास्तूचा आहे. तो आपल्या परिचयाचाही आहे. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर विशाळगडाची तटबंदी पाडली गेली, जहागिरीचे ठाणे मलकापुरास आले आणि गडाची रया गेली.

आता पॅरिसकडे वळू. सीन नदीकाठचा ओर्से राजवाडा १८७१ च्या कम्यूनच्या उठावात जळाला. त्याच जागी, १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी, विक्तोर लालू या वास्तुशिल्पज्ञाने रेल्वे स्थानक बांधले. आत लोखंडी सांगाडा व काचेचे छत. बाहेर मात्र पलीकडच्या लूव्र राजवाड्यास शोभेल असा दगडी दर्शनी भाग. गाड्या विजेवरच्या, म्हणून धुराचा त्रास नाही. तथापि चाळीस वर्षांच्या आतच दैव फिरले. गाड्या लांब झाल्या, फलाट आखूड पडले, आणि १९३९ पासून दूरच्या गाड्या तेथे येईनात. १९४५ मध्ये जर्मनांच्या कैदेतून सुटलेले फ्रेंच लोक याच स्थानकात उतरले. पुढे ते ओस पडले, आणि ते पाडून मोठे हॉटेल उठवावे असा बेत झाला.

इतक्यात १९७१ साली पॅरिसच्या जुन्या मंडईचे लोखंडी मंडप लोकांच्या डोळ्यांदेखत पाडले गेले. गेलेली वस्तू परत येत नाही, हे तेव्हा अनेकांना उमगले. १९७३ मध्ये ओर्सेला सरकारी संरक्षण मिळाले. १९७७ मध्ये तेथे संग्रहालय करण्याचे ठरले. डिसेंबर १९८६ मध्ये ते उघडले. जेथे प्रवासी गाडीची वाट पाहत, तेथे आता पुतळ्यांच्या रांगा आहेत. वरचे भव्य घड्याळ मात्र जुनेच आहे.

परंतु माझ्या मते या हकीकतीतली मोलाची गोष्ट निराळी आहे. सरकारचे संग्रहालय होण्याआधीच झाँ-लुई बारो व मादलेन रनो या नटदांपत्याच्या नाटक मंडळीने त्या ओसाड स्थानकात आपला रंगमंच थाटला होता. वास्तू कायद्याने उभी राहते हे खरे, पण ती जिवंत राहते माणसांच्या वर्दळीने.

आपल्या तालुक्यातही कोठे ओस वाडा असेल, कोठे पडकी धर्मशाळा असेल. तिच्यावर कुदळ घालण्यापूर्वी एक संध्याकाळ तेथे दिवा लावावा, सतरंजी अंथरावी, भजन म्हणावे किंवा नाटकाची तालीम घ्यावी. चार माणसे पुन्हा येऊ लागली, तर त्या वास्तूचे काम संपलेले नाही, असे खुशाल समजावे.